आडनावातून गळलेला ‘नी’

शुक्रवारी रात्री पुण्यातून बस पकडायची, शनिवारी सकाळी नांदेड आणि तिथून मिळेल त्या वाहनाने वारंगा फाटा. गावी जायचा हा माझा ठरलेला रूट. फाट्यावरून एक रस्ता कळमनुरीमार्गे हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव-उमरखेड करत यवतमाळ-नागपूरकडे. पुढची गाडी मिळेपर्यंत काय करायचं, तर खिचडी खायची. वारंगा फाट्याची खिचडी ज्याने खाल्ली नाही त्याला काय सांगणार, आणि ज्याने खाल्लीय त्याला सांगायची गरजच नाही. असो.

मागच्या खेपेला तिथे बाकड्यावर शेजारी एक काका बसले होते. पांढरा सदरा, कापडी पिशवी, वय ऐंशीच्या आसपास. गप्पा सुरू व्हायला आपल्याकडे एकच प्रश्न पुरतो.

"कुठला रे तू?"

"कळमनुरीकडचा. तुम्ही?"

"आता नांदेडचे. कापडाचं दुकान आहे, पोरगं बघतंय. मूळचे आम्ही हैदराबादचे."

मी उत्साहाने म्हटलं, "मग आपण एकाच संस्थानातले की! आमचे आजोबा पण स्वतःला हैदराबाद स्टेटचे म्हणायचे."

काका हसले. "ते हैदराबाद नाही बाबा. आमचं सिंधमधलं. मी आईच्या कडेवर आलो तिथून."

हिंगोली जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हैदराबाद म्हटलं की निजामाचं हैदराबादच आठवणार. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण त्याच राज्यात होतो. त्याच नावाचं दुसरं एक शहर सिंधू नदीकाठी आहे, आणि आपल्या बाजारपेठेतली कित्येक दुकानं तिथून आणि आसपासच्या गावांतून आलेल्यांची आहेत, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं, पण बाकड्यावर शेजारी बसलेलं कधी भेटलं नव्हतं.

मग काकांनी सांगितलं की नात नांदेडला कथक शिकायलीय, परवा तिचा कार्यक्रम झाला. "बरं वाटलं बघून. पण आमच्यात असं कोण नाचतं का? आम्ही आपले दुकानवाले."

मी "हो ना" म्हणून मोकळा झालो! गाडीत बसल्यावर मात्र ते "हो ना" टोचायला लागलं. सिंधी माणूस म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? दुकान, पापड, उल्हासनगर. आणि ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा जुना जोक, जो मी स्वतः ऑफिसात दोनचारदा तरी मारलाय. त्यापलीकडे शून्य. म्हटलं, या शनिवार-रविवारी हेच शोधू. सिंधी शास्त्रीय नर्तक कुणी झालं की नाही?

झालं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवलेली, पद्मश्री मिळालेली कथक नृत्यांगना. नाव रानी कर्णा. नाव वाचून सिंधी वाटतं का? मलाही वाटलं नव्हतं. कारण मूळ आडनाव कर्नानी. मंचावर त्यातला ‘नी’ गळाला आणि कर्णा उरलं. अडवानी, कृपलानी, शिवदासानी... ज्या शेवटच्या अक्षरावरून आपण सिंधी माणूस ओळखतो, नेमकं तेच गेलं. मग ती कुठली, हे नावावरून कुणाला कळणार?

गोष्ट सुरू होते त्याच काकांच्या हैदराबादेत. थोडा भूगोल आधी सांगतो, कारण मला स्वतःलाच तो नव्याने शिकावा लागला. १८४३ मध्ये इंग्रजांनी तालपूर मीरांकडून सिंध घेतला आणि १८४७ मध्ये तो थेट मुंबई इलाख्याला जोडला. १९३६ मध्ये सिंध स्वतंत्र प्रांत होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं, पुणे-रत्नागिरी आणि कराची-हैदराबाद एकाच इलाख्यात होते. कराचीच्या कॉलेजातली मुलं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा द्यायची. मोहेंजोदारो उजेडात आणणारे राखालदास बॅनर्जी पुरातत्त्व खात्याच्या ज्या पश्चिम विभागाचे प्रमुख होते, त्याची कचेरी पुण्यात होती. म्हणजे सिंध आपल्याला इतका परका नव्हता. आपण विसरलो, इतकंच.

हैदराबादच्या हिंदूंमध्ये दोन मोठे गट होते. भाईबंद म्हणजे व्यापारी. यांच्यातल्याच ‘सिंधवर्की’ लोकांनी जगभरच्या बंदरांत दुकानं थाटली. आणि दुसरे अमील. मीरांच्या दरबारात फारसी शिकून कारभार सांभाळणारे, पुढे इंग्रजी शिकून सरकारी नोकऱ्यांत, वकिलीत, शिक्षणात गेलेले. आपल्याकडच्या कारकुनी-वकिली करणाऱ्या पेठेतल्या घरांची आठवण व्हावी असे. या अमिलांची वस्ती म्हणजे हिराबाद. १९३९ साली तिथल्या कर्नानी कुटुंबात रानीचा जन्म झाला.

याच १९३९ च्या नोव्हेंबरात सिंधमध्ये एक खून झाला. भगत कंवरराम हे सिंधचे फार लाडके गायक. ‘भगत’ हा तिथला प्रकार म्हणजे अंगात लांब झगा, पायात घुंगरू, रात्रभर गाणं आणि नाच. आपल्या कीर्तनाचा चुलतभाऊ म्हणा. सक्करमधल्या मंझिलगाह प्रकरणावरून दंगे पेटले होते. त्या दिवसांत रुक स्टेशनवर कंवररामांना गोळ्या घालून मारलं. म्हणजे "आमच्यात कोण नाचतं" हे काकांचं म्हणणं खरं नव्हतंच. सिंधमध्ये नाचणारा माणूस होता, त्याच्यामागे खेडीच्या खेडी यायची. तो मारला गेला, आणि पुढच्या आठ-नऊ वर्षांत त्याला ऐकणारी माणसं देशोधडीला लागली.

आता इथे मी एक चूक करणार होतो. सिंधी, १९३९ चा जन्म, म्हणजे फाळणी, निर्वासित छावणी, हालअपेष्टा, मग नृत्य... अशी गोष्ट मी मनात जुळवूनही टाकली होती. तशी ती नाही. कर्नानी कुटुंब फाळणीच्या काही वर्षं आधीच दिल्लीला आलं होतं. चार वर्षांची असतानाच रानीचं नृत्यशिक्षण सुरू झालं. १९४७ उजाडलं तेव्हा तिच्या पायात घुंगरू होते आणि डोक्यावर छप्पर होतं.

पण मग फाळणीने तिचं काय नेलं? परत जायचा रस्ता नेला. पंजाब आणि बंगाल कापले गेले, तरी अर्धा पंजाब, अर्धा बंगाल इकडे राहिला. सिंध कापला गेला नाही. तो अख्खाच्या अख्खा तिकडे गेला. १९४८ च्या जानेवारीत कराचीत दंगल झाली आणि उरलासुरला धीरही सुटला. दहा-बारा लाख हिंदू सिंध सोडून निघाले. बरेचसे बोटीने मुंबईला उतरले. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकी रिकाम्या होत्या, तिथे लाखभर माणसं कोंबली गेली. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीला नाव मिळालं उल्हासनगर. (आपला जोक इथून सुरू होतो. त्याच्या आधीचं काही आपण कधी विचारत नाही.) ‘दिल्लीला बदली झालीय, सुट्टीत घरी जाऊ’ म्हणणारी कुटुंबं एका रात्रीत ‘आता हेच घर’ म्हणायला लागली.

त्या काळी चांगल्या घरातल्या मुलीने नाचणं म्हणजे काय होतं, हे आपल्या बाजूने बघितलं तर लवकर कळेल. मॅडम मेनका यांनी आपला नृत्यसंच १९३६ मध्ये बर्लिनपर्यंत नेला आणि १९३८ मध्ये खंडाळ्याला शाळा काढली. दमयंती जोशी लहानपणापासून त्यांच्या तालमीत वाढल्या. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली, तेव्हा ब्राह्मण घरातली मुलगी कथक शिकवणार म्हटल्यावर पेठांमध्ये काय चर्चा झाली असेल ते तुम्हीच कल्पना करा. कथक तोवर एकीकडे वंशपरंपरेने नाचणाऱ्या कथक घराण्यांकडे आणि दुसरीकडे तवायफांकडे होतं. सुशिक्षित घरांनी तवायफांना दारं बंद केली आणि मग त्याच नाचासाठी आपल्या मुलींना दारं उघडली. हा हिशोब फारसा स्वच्छ नाही, पण झालं ते असं झालं.

रानी कर्णाची पिढी या उघडलेल्या दारातून आत आली. नारायण प्रसाद आणि सुंदर प्रसाद हे जयपूर घराण्याचे गुरू तिला लाभले. सुंदर प्रसाद बरीच वर्षं मुंबईत शिकवत होते. मोहनराव कल्याणपूरकर त्यांचेच शिष्य, आणि रोहिणीताई मोहनरावांकडे शिकल्या. म्हणजे सिंधची रानी आणि पुण्याच्या रोहिणीताई एकाच झाडाच्या दोन फांद्या निघाल्या! पुढे ती हिरालाल यांच्याकडे जयपूरची आणि बिरजू महाराजांकडे लखनौची बाजू शिकली. बिरजू महाराज १९३८ चे. गुरू शिष्येपेक्षा जेमतेम वर्षाने मोठा.

जयपूर आणि लखनौमध्ये फरक काय, हे माझ्यासारख्या कोडिंगवाल्याला कसं कळावं? मला कळलं ते असं. त्रिताल म्हणजे १६ मात्रांचं आवर्तन, लूप म्हणा हवं तर. पहिली मात्रा ही सम. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा करायचा आणि तिसऱ्यांदा तो नेमका समेवर संपला पाहिजे. समेपासून सुरुवात करून ५ मात्रांचा तुकडा घ्या, १ मात्रा थांबा, पुन्हा ५, पुन्हा १, पुन्हा ५. बेरीज १७. आणि सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली, म्हणजेच सम. एका मात्रेची चूक झाली तर हजार लोकांसमोर प्रोग्रॅम क्रॅश, आणि इथे ‘अनडू’ नाही. जयपूर घराण्याचा जीव या हिशोबात, पायांच्या कामात, दमदार परनांत. लखनौचा जीव नजाकतीत. ठुमरीवर बसून नुसत्या भुवईने अर्थ बदलायचा. पहिल्याला गणित लागतं, दुसऱ्याला संयम. रानी कर्णाने दोन्ही घेतलं, आणि पुढे तिच्या नाचाबद्दल बोलताना लोक हेच सांगत आले.

तेवढ्यावर ती थांबली नाही. अमुबी सिंग यांच्याकडे मणिपुरी, ललिता शास्त्रींकडे भरतनाट्यम्. मधल्या काळात दिल्लीच्या हिंदू कॉलेजातून वनस्पतिशास्त्राची ऑनर्स पदवी. (अमील घर! मुलगी नाचेल, पण डिग्री घेईल.) मग नायक या ओडिया घरात लग्न झालं आणि मुक्काम भुवनेश्वरला. आता कथकवाल्या बाईने भुवनेश्वरमध्ये काय करावं? साठच्या दशकातलं भुवनेश्वर म्हणजे ओडिसी नृत्य नव्याने उभं राहत होतं ते दिवस. महारी आणि गोटिपुआ परंपरांतून, देवळांच्या भिंतींवरच्या शिल्पांतून, जुन्या पोथ्यांतून तुकडे गोळा करून गुरुमंडळी एक शास्त्रीय नृत्य बांधत होती. तिथे तिने केलुचरण महापात्रांच्या शिष्या कुमकुम मोहंती यांच्याकडे ओडिसीचे धडे घेतले. स्वतः नावारूपाला आलेली नर्तकी पुन्हा पहिल्या पाठाला उभी राहते, याचं मला फार कौतुक वाटलं. आम्ही दहा वर्षं जावामध्ये काढली की नवी भाषा शिकायला सांगणाऱ्या मॅनेजरकडे कसं बघतो ते आठवलं.

तिथून शेवटचा मुक्काम कोलकाता. कथकच्या नकाशावर हे शहर एका हद्दपारीमुळे आलेलं आहे. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवधचं राज्य खालसा केलं आणि नवाब वाजिद अली शाह कोलकात्याजवळ मटियाबुर्जला जाऊन राहिला. १८८७ मध्ये तिथेच वारला. राज्य गेलं, पण गवई, नर्तक, ठुमरी, स्वयंपाकी सगळं घेऊन तो आला आणि नदीकाठी छोटं लखनौ वसवलं. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’त (१९७७) हाच नवाब आहे, आणि त्यातलं कथक बिरजू महाराजांनी बसवलेलं आहे. घर गमावलेल्या माणसाबरोबर जो नाच या शहरात शिरला, तोच नाच शिकवायला शंभरेक वर्षांनी दुसरी एक घर गमावलेली बाई तिथे आली. तिने मुली तयार केल्या, रचना बसवल्या आणि १९९५ मध्ये ‘संस्कृतिकी श्रेयस्कर’ ही स्वतःची संस्था काढली. १९९६ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१४ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात कोलकात्यातच ती गेली.

आता मुख्य मुद्दा. एवढं सगळं असून आपल्याला हे नाव माहीत का नसावं? कथक बघणाऱ्यांना ते माहीत आहेच. प्रश्न आपल्यासारख्या बाकीच्यांचा आहे. मला वाटतं, कारण आपला फॉर्म तसा आहे. सरकारी पोर्टल भरताना ‘राज्य’ हा कॉलम कंपल्सरी असतो, ड्रॉपडाऊनमधून एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कलाकारांची मोजदादही आपण तशीच करतो. रोहिणीताई आमच्या, केलुबाबू ओडिशाचे, बिरजू महाराज लखनौचे. प्रत्येकामागे एक राज्य, त्या राज्याची अकादमी, त्याचं वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तकातला एखादा धडा. सिंधी माणसाने त्या ड्रॉपडाऊनमध्ये काय निवडायचं? सिंधी भाषासुद्धा घटनेच्या आठव्या अनुसूचीत १९६७ मध्ये आली, तीही मागणी करून करून. राष्ट्रगीतातला सिंधचा उल्लेख काढून टाका, तो भाग आता आपल्याकडे नाही, असं म्हणत एक जण सुप्रीम कोर्टात गेला होता. २००५ मध्ये कोर्टाने नकार दिला, म्हणून शब्द राहिला. गाव नाही, निदान शब्द तरी.

अशा माणसाने ‘घराणं’ शोधावं यात मला एक संगती दिसते. घराणं या शब्दातच घर आहे, पण त्याला सातबारा लागत नाही. कुणाकडून शिकलात, कुणाला शिकवलंत, एवढाच त्याचा पत्ता. जयपूर घराण्यात यायला तुम्हाला जयपूरचं असावं लागत नाही. रानी कर्णाचं सगळं आयुष्य हिराबाद, दिल्ली, भुवनेश्वर, कोलकाता असं सरकत गेलं, आणि प्रत्येक ठिकाणी तिने तिथलं काहीतरी पायात बांधून घेतलं. तिच्या मोठ्या नाचात सिंधचं असं काही नव्हतं, असा आक्षेप कुणी घेईल. खरं आहे, कथक सिंधचं नाहीच. पण ज्या समाजाने दुकानाच्या गल्ल्यावर बसून पहिल्यापासून सुरुवात केली, त्याच समाजातल्या मुलीने रियाजाच्या खोलीत तेच केलं. नवं शहर, पुन्हा पहिला पाठ.

अर्थात याची किंमत असते. ‘नी’ गळतो तेव्हा सोय होते, पण पुढच्या पिढीला आपलं माणूस सापडत नाही. काकांना ते सापडलं नव्हतं. आणि आपल्यासारख्यांना तर शोधायचीही गरज वाटली नव्हती.

एक गोष्ट राहिली. पुष्कळ सिंधी हिंदू नानकपंथी. त्यांच्या टिकाण्यात गुरू ग्रंथसाहिब असतो, आणि त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेवांचं जन्मगाव मानली जाणारी नर्सी आपल्याच हिंगोली जिल्ह्यात. कीर्तनात नाचणाऱ्या आपल्या संताचे शब्द हिराबादच्या गल्ल्यांमध्ये पोचले होते, तिथे पाठ होत होते. तेव्हा "आमच्यात कोण नाचतं" याचं उत्तर फाट्यापासून तासाभराच्या अंतरावरही होतं.

काकांचा नंबर घेतला होता. रविवारी निघताना फोन लावला.

"काका, तुमच्यातली एक मोठी नर्तकी सापडली. कथकच. पद्मश्री होती. रानी कर्णा."

"कर्णा? हे आमच्यातलं नाव नाही वाटत."

"मूळचं कर्नानी. हिराबादचे."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "हिराबाद... म्हणजे अमील असणार. आमची आई सांगायची, हिराबादच्या बायका चप्पल घालून, छत्री घेऊन फिरायच्या म्हणून." पुन्हा थांबले. "थांब जरा. नातीला देतो फोन. तिला सांग हे सगळं. नाव नीट सांग. कर्नानी म्हणून सांग."